टाडा आणि नागरी स्वातंत्र्य

टाडा : दहशतवादी आणि विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी संसदेने मे १९८५ मध्ये केलेला आणि मे १९९५ मध्ये मुदत संपून संपुष्टात आलेला केंद्रीय कायदा. देशाची सुरक्षितता महत्त्वाची की आरोपीचे हक्क, हा वाद स्वतंत्र भारतात सर्वांत कडाक्याने याच कायद्यावरून झाला. कायदा दहा वर्षे टिकला. त्यातील प्रमुख कलमे मात्र नाव बदलून, कुठे सौम्य तर कुठे आणखी कडक होऊन, आजही वापरात आहेत.

पार्श्वभूमी पंजाबची होती. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली, ऑक्टोबरमध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली आणि मे १९८५ मध्ये दिल्ली व आसपासच्या राज्यांत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेल्या बॉम्बचे स्फोट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाडा संमत झाला. कायद्यामागची अडचण खरी होती. साक्षीदार जिवाच्या भीतीने कोर्टात उभे राहायला धजत नव्हते आणि साक्षीअभावी आरोपी सुटत होते. प्रचलित फौजदारी कायदा अशा गुन्ह्यांसाठी केलेला नाही, हे सरकारचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. म्हणूनच कायद्याला दोन वर्षांची मुदत घातली गेली. १९८७ मध्ये तो नव्याने करण्यात आला आणि नंतर दर दोन वर्षांनी वाढत गेला.

सर्वांत वादग्रस्त ठरले कलम १५. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब या कलमाने पुरावा म्हणून ग्राह्य धरला. याचे गांभीर्य कळण्यासाठी १८७२ च्या पुरावा कायद्याकडे पाहावे लागते. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हे त्या कायद्याचे कलम २५ सांगत होते. कोठडीत कबुली कशी ‘मिळते’ हे इंग्रज सरकार ओळखून होते. आपल्याच पोलिसांवर त्याचा तेवढा भरवसा नव्हता. टाडाने शतकाहून जुनी ही भिंत पाडली, तीही फाशीपर्यंतच्या शिक्षा असलेल्या गुन्ह्यांसाठी. पुढे १९९३ च्या दुरुस्तीने असा कबुलीजबाब सहआरोपींविरुद्धही चालू लागला.

दुसरी अडचण जामिनाची. एरवी आरोपीने गुन्हा केला की नाही हे खटल्याअंती ठरते. टाडाखाली जामीन देण्यापूर्वीच, आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागे. आरोपपत्राशिवाय कोठडीची एरवी ९० दिवसांपर्यंतची मर्यादाही एक वर्षापर्यंत नेता येई. ‘विघातक कृत्य’ या संज्ञेत तर भाषणाचाही समावेश होता. खटले खास टाडा न्यायालयांत चालत आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात करावे लागे. गावाकडच्या गरीब आरोपीला दिल्ली गाठणे किती जमणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

एवढे अधिकार हाताशी आले की ते पंजाबपुरते राहणे कठीण होते. टाडाखाली देशभरात सुमारे ७६ हजार लोकांना अटक झाली, आणि दोषी ठरलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी राहिले. ज्या गुजरातमध्ये तेव्हा दहशतवादी चळवळ नव्हती, तिथेही हजारो लोक टाडाखाली आत गेले. आंदोलक, कामगार कार्यकर्ते, टोळीयुद्धातले गुंड असे सगळेच या जाळ्यात आले. महाराष्ट्रात वसई-विरार भागातील प्रकरणावरून ‘हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रत्येक गुन्हेगार दहशतवादी नसतो आणि नेहमीच्या गुन्ह्यांना टाडा लावता येणार नाही, असे न्यायालयाने १९९४ मध्ये त्यात बजावले.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘कर्तारसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने टाडा वैध ठरवला होता. कलम १५ मात्र तीन विरुद्ध दोन अशा मतांनीच टिकले, न्या. के. रामस्वामी आणि न्या. आर. एम. सहाय यांनी त्याला विरोध केला. बहुमतानेही काही पथ्ये घालून दिली. कबुलीजबाब मोकळ्या वातावरणात, आरोपीच्याच भाषेत नोंदवावा, त्यानंतर आरोपीला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, आणि प्रकरणांची छाननी करण्यासाठी समित्या असाव्यात. पण ज्या अधिकाऱ्याने कायदा वाकवायचा ठरवले आहे, त्यानेच ही पथ्ये पाळायची होती. त्यामुळे बहुमताचा हा उपाय कागदावरच भक्कम होता, असे म्हणावे लागते.

टाडा संपला तो न्यायालयामुळे नव्हे, तर मुदतीच्या कलमामुळे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये खासदारांना पत्र लिहून मुदत न वाढवण्याचे आवाहन केले. मुस्लिम आणि शीख समाजांत या कायद्याविरुद्ध मोठा रोष होता. कायदा रद्द करण्याचे धाडस एखाद्या सरकारने दाखवले असते की नाही, कोण जाणे. मुदत वाढवायची तर संसदेत उघडपणे हात वर करावा लागणार होता, आणि ते झाले नाही.

तरीही चालू खटल्यांना टाडा लागूच राहिला. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्याचा खटला आर्थर रोड तुरुंगातील टाडा न्यायालयात चालला, न्या. प्रमोद कोदे यांनी २००६-०७ मध्ये १०० जणांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये निकाल देताना कलम १५ खालच्या कबुलीजबाबांवर मोठा भर ठेवला. कायद्याच्या समर्थकांना दाखवायला हे एक ठोस उदाहरण आहे, आणि ते नाकारता येत नाही. मात्र आधीच्या डिसेंबर-जानेवारीतील दंगलींत सुमारे ९०० बळी गेले असताना ते खटले साध्या कायद्याखाली चालले. एकाच शहरातील दोन हिंसाचारांना दोन मापे लावली गेल्याची सल मुंबईत बरीच वर्षे राहिली. नाशिकच्या टाडा न्यायालयाने तर १९९४ साली अटक झालेल्या ११ जणांना फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्दोष सोडले. कायदा संपून तोवर जवळपास चोवीस वर्षे झाली होती.

कबुलीजबाबाचे कलम महाराष्ट्राने १९९९ मध्ये मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात घेतले. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील साखळी स्फोटांच्या खटल्याचा बराच भार अशाच कबुलीजबाबांवर होता. मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून सर्वांना निर्दोष मुक्त केले. त्यांतला एक आधीच तुरुंगवासात मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी या निकालाला मर्यादित स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. स्फोटांत आप्त गमावलेल्यांच्या हाती मात्र एकोणीस वर्षांनी काहीच उरले नाही. सैल पुराव्यावर उभा राहिलेला खटला सुरक्षिततेचेही नुकसान करतो, हा मुद्दा या वादात सहसा मागे पडतो.

केंद्रात २००२ मध्ये पोटा, म्हणजे दहशतवाद प्रतिबंधक कायदा, आला. संसदेवरील हल्ल्यानंतर तो संयुक्त अधिवेशनात संमत झाला आणि २००४ मध्ये रद्द झाला. पोटा गेला तरी त्याच्या तरतुदी १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, दुरुस्त्यांनी भरल्या गेल्या. २६/११ च्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये त्यात जामिनाची कडक अट आणि १८० दिवसांपर्यंतची कोठडी आली. पोलिसांसमोरची कबुली या कायद्यात ग्राह्य नाही, ही जमेची बाजू. मुदतीचे कलम मात्र नाही, त्यामुळे संसदेला तो पुन्हा तपासून पाहावा लागत नाही. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही, ही अट टाडाच्या अटीहून शब्दांत सौम्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात जाऊन चिकित्सा करू नये असे सांगितल्याने ती प्रत्यक्षात जडच ठरली. त्याच न्यायालयाच्या २०२१ च्या नजीब निकालाने थोडी वाट मोकळी केली: खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील आणि आरोपी दीर्घकाळ कोठडीत असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काखाली, जामीन देता येतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली आरोपी असलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी त्याच वर्षी जुलैमध्ये, खटला सुरू होण्यापूर्वीच, कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्य हा सर्वसाधारण फौजदारी कायद्यातील गुन्हा झाला आहे. एखादे प्रकरण या कलमाखाली नोंदवायचे की यूएपीएखाली, हे ठरवण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आहे. जामिनाची कडक अट मात्र यूएपीएतच आहे.