टिंब, तिरकी रेघ आणि ‘ए.आऊट’

‘‘मामा, फाइल इथे ढळढळीत दिसतेय आणि हा म्हणतो सापडत नाही!’’ भाच्याने लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. सी भाषेतला पाच ओळींचा प्रोग्रॅम, फक्त ‘नमस्कार’ छापणारा. लिनक्सच्या टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘जीसीसी हॅलो.सी’ टाइप केल्यावर, म्हणजे जीसीसी या कंपायलरला प्रोग्रॅम दिल्यावर, एकही चूक न निघता ‘ए.आऊट’ फाइल तयार झाली होती. (हे नाव ‘असेंब्लर आऊटपुट’वरून आलंय, लिनक्स ज्या धर्तीवर बेतलंय त्या युनिक्सच्या अगदी पहिल्या दिवसांतलं. आत आता सगळं बदललंय, पाटी तीच.) पण ‘ए.आऊट’ लिहून एंटर दाबलं की ‘कमांड नॉट फाउंड’.

नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दे, चालेल, असं कॉलेजात सांगतात. का, ते विचारायचं नाही. खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू वाहा हवं तर, पण कमांडचा तरी मंत्र करू नका.

टर्मिनलमध्ये आपलं ऐकणारा असतो शेल. नुसतं नाव दिलं की ती आपलीच अंगभूत कमांड आहे का, हे तो आधी बघतो. नसेल तर ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळतो आणि पहिलं सापडेल ते चालवतो. आपण उभे आहोत तो फोल्डर या यादीत मुद्दामच नसतो. समजा, अनेकांच्या वापरातल्या फोल्डरमध्ये कुणी ‘एलएस’ नावाचा खोडसाळ प्रोग्रॅम ठेवला. तुम्ही तिथे जाऊन फाइलींची यादी बघायला ‘एलएस’ म्हणालात आणि शेलने आधी तिथेच पाहिलं, तर तो प्रोग्रॅम तुमच्या अधिकाराने चालेल, तुमच्या फाइलीही पुसेल. विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट मात्र आधी जवळच बघतो, म्हणून तिकडून आलेली मुलं इथे हमखास अडतात.

नावात तिरकी रेघ दिसली की शेल शोधाशोध करतच नाही, तो थेट पत्ता समजतो. एकटं टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाइलचे पहिले चार बाइट वाचतो: षोडशमान पद्धतीत ७एफ, ४५, ४सी, ४६. शेवटचे तीन म्हणजे ‘ई, एल, एफ’ ही अक्षरं, लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीची खूण. ती पटली की डायनॅमिक लिंकर हा जोडणी करणारा प्रोग्रॅम मेमरीत येतो आणि ‘प्रिंटएफ’ या छापणाऱ्या फंक्शनचा खरा पत्ता सी लायब्ररीतून जोडून देतो, कारण ते फंक्शन आपल्या फाइलीत नसतंच.

भाच्याला पटलं. त्याने फाइलचं नाव बदलून ‘टेस्ट’ केलं आणि सवयीने पुन्हा नुसतं नावच टाइप केलं. ना ‘नमस्कार’, ना तक्रार. ‘टेस्ट’ ही शेलची स्वतःची कमांड आहे. ती निमूटपणे चालून गेली होती.