शाळा ‘दुसरीकडे बघा’ म्हणते तेव्हा
विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

आमच्या वकिली कार्यालयात येणारे बहुतेक पालक एकाच वाक्याने सुरुवात करतात : “बाईंनी सांगितलं, तुमच्या मुलासाठी दुसरी शाळा बघा.” लेखी दिलंय का विचारलं, तर नाही. शाळा असं लेखी सहसा देतच नाही.

म्हणून आधी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा. ‘सहकार्य करावे’ असं मोघम नको. पेपरला जादा वेळ, लेखनिक, पुढच्या बाकावर जागा, जे हवं ते नेमकं लिहा. तपासणीचा अहवाल आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. क्लार्कने टाळाटाळ केली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

एका आईने भिंतीवरचं कॅलेंडरच आणलं होतं. दुधाच्या हिशेबाशेजारी शाळेच्या फोनच्या ‘११ ला फोन, घेऊन जा’ अशा नोंदी, महिनोन् महिने. आम्ही तक्रारीला तीच पानं जोडली.

आणि एक सही कधीच करू नका : शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावरची. कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं असतं, मग शाळेने काढलं हे सिद्ध करताना घाम फुटतो. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही योगायोगाने कलम १६च महत्त्वाचं. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय, हे सरकारमान्य खासगी शाळांनाही लागू आहे. ‘आम्ही विनाअनुदानित’ हे उत्तर चालत नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट इथे नाही; ती कलम ३१ मधल्या ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणासाठी आहे. ‘विशेष शिक्षक मिळत नाहीत’ असंही ऐकाल. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे आणि पुढच्या वर्गांना अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं आहे.

शाळा दाद देत नसेल तर शिक्षणाधिकारी, मग राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्त शाळेकडून कागदपत्रं मागवू शकतात. तिथे वकील लागतोच असं नाही, हे आम्ही वकील असूनही सांगतो. उच्च न्यायालय शेवटी. तोवर मुलाचं वर्ष निघून जातं, म्हणून आम्ही आधी नोटीस पाठवून शाळेला बोलतं करतो.

येताना प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या आणि शाळेचे व्हॉट्सअॅप मेसेज आणा. मेसेज डिलीट करू नका, रागाच्या भरात उत्तरही देऊ नका. परीक्षा महिन्याभरावर आली असेल तर भेटीची वाट न बघता आधी फोन करा.