गोल विणकाम: एका जादा धाग्याचा हिशेब

साखर कारखान्याच्या गोदामात दोन प्रकारची पोती दिसतात. तागाच्या पोत्याला बाजूला सुतळीची जाड शिवण असते. शेजारच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्याच्या कडेवरून बोट फिरवा. तळाला टाके लागतील, बाजूला काहीच नाही. ते कापड मुळातच नळीसारखं विणलेलं असतं.

कोल्हापूर जिल्ह्याला ही वीण तशी परकी. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, १९०६ साली कोल्हापुरात शाहू मिल उभी राहिली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून खड्डामागावर घोंगडी विणली जात होती. हे सगळं सपाट काम: ताण्याचे धागे लांब, बाण्याचा धागा आडवा, आणि तो वाहून नेणारा धोटा एका काठाकडून दुसऱ्याकडे आणि परत. गोल वीण इथे रुजली ती कापडात नाही, बुरडाच्या टोपलीत.

टोपलीच्या तळाला कामट्या मध्यावर एकमेकींवर ठेवतात आणि एक पातळ पट्टी त्यांच्यातून फिरवतात, एकीवरून, दुसरीखालून. टोकं २४ असली तर फेरी पुरी झाल्यावर पट्टी पुन्हा त्याच कामट्यांवरून जाते आणि त्याच कामट्यांखालून. फेऱ्या नुसत्या एकावर एक बसतात, अडकत नाहीत. टोकं २५ असली की दुसऱ्या फेरीत वरचं खाली आणि खालचं वर होतं. टोकं समच आली तर एखादी कामटी चिरून तिच्या दोन करतात, नाहीतर दोन पट्ट्या मागेपुढे चालवतात. गोल विणकामाचं सगळं गणित एवढंच आहे. पुढची यंत्रंही यातून सुटलेली नाहीत. (पटवेकरी साज गाठवताना गोल गोफ वळतो, पण ती वेणी झाली. तिथे ताणा आणि बाणा असे वेगळे नसतात.)

कापडात गोलपणा जुना आहे, पण दोन वेगळ्या तऱ्हांचा, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. बालीमधल्या तेंगानान गावचं गेरिंगसिंग घ्या. पाटणच्या पटोळ्यासारखेच त्याचे ताणा-बाणा दोन्ही आधी बांधून रंगवतात. कंबरपट्ट्याच्या मागावर त्याचा ताणा अखंड वेढ्यासारखा असतो, आणि काही विधींसाठी तो न कापता तसाच ठेवतात. इथे गोल आहे तो ताणा. बाणा नेहमीसारखा काठापासून काठापर्यंतच जातो. डेन्मार्कात हुल्ड्रेमोसे इथल्या दलदलीत १८९६ साली सापडलेलं लोहयुगातलं बायकांचं वस्त्रही शिवणीशिवाय नळीसारखं विणलेलं आहे. पोत्यात मात्र बाणा गोल फिरतो. टोपलीशी नातं आहे ते याचं.

साध्या हातमागावर अशी नळी विणता येते, त्यासाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या चार चौकटी लागतात. १ आणि ३ वरच्या पदराच्या, २ आणि ४ खालच्या. पहिल्या फेकीला फक्त १ उचलायची. दुसरीला १, ३ आणि २. तिसरीला फक्त ३. चौथीला १, ३ आणि ४. धोटा जाताना वरचा पदर विणतो, येताना खालचा. एका पदराला इंचाला १२ धागे हवे असतील तर फणीत, म्हणजे धागे अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यात, २४ भरावे लागतात. हे विसरलं की कापड जाळीदार होतं. एकूण धागे इथेही विषमच; सम असले तर एका घडीवर दोन धागे जोडीने चालतात आणि तिथे उभी रेघ दिसत राहते. घडीपाशी बाणा आत ओढला जाऊन वीण दाटते, म्हणून दोन्ही कडांना मासेमारीची जाड तंगूस ताणून ठेवतात आणि काम संपल्यावर उपसून काढतात. फेकींचा क्रम वर-खाली-खाली-वर असा झाला तर नळी एका बाजूने उघडते आणि मागाच्या दुप्पट पन्ह्याचं कापड हाती येतं. चुकून झालं तर डोक्याला हात लावायचा, पण मुद्दाम करणारेही आहेत.

पोत्यांच्या सर्क्युलर लूमवर धोटा फेकत नाहीत. चार, सहा किंवा आठ धोटे कड्यासारख्या रुळावर एकामागून एक धावत राहतात आणि प्रत्येकाच्या पुढे ताणा लाटेसारखा उघडत जातो. धोटा दोन्ही टोकांना थांबवून परत मारायचा नसल्यामुळे इचलकरंजीतला खटखटाट इथे नाही. धोटे सम, म्हणून ताण्याचे धागेही सम चालतात: दोन पट्ट्या मागेपुढे, तोच प्रकार.

शिकायला सुरुवात करायची तर जाड पुठ्ठ्याची २० सेंमी व्यासाची चकती पुरते. काठाला २५ खाचा पाडून त्यांना आकडे द्यावेत. दोरा १ मधून पुढे काढून मध्यावरून १३ मध्ये, मागून १४, तिथून २, मागून ३, मग १५, असा. २४ खाचा भरल्या की दोरा मागून २५ व्या खाचेत आणायचा, पुढे काढायचा आणि मध्यावर सगळ्या धाग्यांना कवेत घेऊन गाठ मारायची. ही गाठ सैल राहिली तर मध्य सरकतो, आणि पुढे कितीही नेटकं विणलं तरी तो जागेवर येत नाही.

केंद्रापासून २ सेंमीवर दोन धाग्यांत अंतर असतं ५ मिमी, काठाशी तेच २५ मिमी. म्हणून मध्याला बारीक सूत आणि बाहेर जाड लोकर, नाहीतर काठाकडे वीण विरळ पडते. बाणा ओढून घट्ट केला की पुठ्ठ्यावर काम सपाट दिसतं, पण खाचांतून सोडवताच त्याची वाटी होते. प्रत्येक फेरीत बाणा थोडा सैल, कमान देऊन ठेवावा आणि मग बोटांनी किंवा कंगव्याने मध्याकडे दाबावा. काठाच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्या मात्र दाबून भरायच्या, नाहीतर खाचांतून सुटलेले ताण्याचे फासे बाहेर लोंबत राहतात.