वीतभर क्विल्ट आणि 'नवा' पॅटर्न

वीत-दोन वीत लांबीरुंदीचे रंगीबेरंगी मिनी क्विल्ट भिंतीवर लागतात, टेबलावर अंथरले जातात, नाहीतर शिवणयंत्राखाली घातले जातात. पांघरूण म्हणून त्यांचा उपयोग शून्य. पॅटर्न, म्हणजे कापायचा-जोडायचा आराखडा, बहुधा पीडीएफ फाइल म्हणून विकत मिळतो आणि त्यावर 'नवा' असे लिहिलेले असते. शिवायला बसले की मात्र वाटते, हा तारा, हा षट्कोन कुठेतरी पाहिलेला आहे. वाटते ते बरोबरच असते. मग नवे काय, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

वरचे कापड, मधला कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर, तिन्ही एकत्र टाचलेले, म्हणजे क्विल्ट. रचना गोधडीचीच. शब्द मात्र भरलेल्या गादीला लॅटिनमध्ये 'कुल्सिता' म्हणत, त्यावरून आला. युरोपात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक सिसिलीत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाला. त्यात पाठीमागून कापूस भरून उठवलेली चित्रे आहेत, पण तुकडे जोडलेले नाहीत आणि रंगांची उधळणही नाही.

रंग आले ते सतराव्या शतकात जहाजांतून गेलेल्या भारतीय चिटाच्या कापडाबरोबर. हे रंग धुतले तरी जात नसत, आणि युरोपातल्या कारागिरांना ते साधत नव्हते. फ्रेंच विणकरांचा धंदा बुडेल म्हणून फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली. ती 1759 पर्यंत टिकली. पुढे इंग्लंडनेही कायदे केले. साहजिकच हाती असलेल्या चिटाचा कपटासुद्धा मोलाचा झाला. इंग्लंडमधल्या लेव्हन्स हॉल या वाड्यातला, 1708 च्या सुमाराचा मानला जाणारा क्विल्ट अशाच चिटाच्या तुकड्यांचा आहे. पॅचवर्क म्हणजे गरिबीत चिंध्या जोडण्याची कला, असे सर्रास सांगितले जाते, पण जे जुने नमुने टिकले त्यांतले बरेचसे ऐपतदार घरांतले आहेत. त्याच काळातल्या, 1718 साल शिवून नोंदवलेल्या एका इंग्रजी रेशमी पांघरुणात प्रत्येक तुकडा आधी कागदाच्या साच्यावर दुमडून मग शेजारच्या तुकड्याला जोडला आहे. कागद आणि कापड यांची ही सोबत तिथून आजपर्यंत सुटलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एकाच मापाचे चौकोनी ब्लॉक वेगवेगळे शिवून मग एकत्र जोडायची पद्धत रुळली. शेजारणीचा एखादा ब्लॉक आवडला तर तो लक्षात ठेवायचा कसा? छापील पॅटर्न सहज मिळत नव्हते. म्हणून बाया हाताशी असलेल्या कापडात एकच ब्लॉक शिवून पेटीत टाकत. रंग कसेही, कडा ओबडधोबड, फक्त जोडणी कळली म्हणजे झाले. माझ्या मते आजच्या मिनी क्विल्टचे एक मूळ या पेटीत आहे. कॅन्ससच्या कॅरी हॉल यांनी विसाव्या शतकात माहीत असलेला प्रत्येक नमुना असा शिवून काढायचे मनावर घेतले. त्यांचे आठशेहून अधिक ब्लॉक आज कॅन्सस विद्यापीठाच्या स्पेन्सर कलासंग्रहालयात आहेत.

दुसरे मूळ पाळण्यात. तान्ह्या बाळांचे आणि बाहुल्यांचे क्विल्ट आधीपासून होतेच. मुलींचा हात बसावा म्हणून त्यांना बाहुलीचे पांघरूण शिवायला देत. या छोट्या आकाराचे सर्वांत धीट उदाहरण 1836 मधले आहे. गुलामगिरीविरोधी लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांनी बॉस्टनच्या निधी जमवणाऱ्या जत्रेसाठी ताऱ्यांच्या ब्लॉकचा पाळण्याचा क्विल्ट केला. मधल्या ताऱ्यावर शाईने कविता लिहिली. बाळाला कुशीत घेताना, जिचे मूल ओढून नेऊन विकले जाते त्या मातेची आठवण ठेव, असा तिचा आशय. मोठ्या पांघरुणावर एवढा मजकूर नजरेतून निसटला असता, पाळण्याशी वाकणाऱ्या आईला तो वाचावाच लागला असता.

पॅटर्न छापून येऊ लागले ते याच सुमारास. 'गोडीज लेडीज बुक' मासिकाने 1835 मध्ये षट्कोनाचा नमुना दिला. सेंट लुईसची लेडीज आर्ट कंपनी 1889 पासून टपालाने पॅटर्न विकू लागली. 1911 मध्ये 'लेडीज होम जर्नल'ने मारी वेबस्टर यांचे फुलांचे क्विल्ट रंगीत छापले आणि कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, हेही पानावर दिसू लागले. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने 1928 ते 1961 पर्यंत नमुने छापले, त्यांतले कित्येक वाचकांनीच पाठवलेले. यातून नावांचा गोंधळही वाढला. एकच ब्लॉक कुठे 'अस्वलाचा पंजा', तर कुठे 'चिखलातले बदकाचे पाऊल'. जुना नमुना नव्या नावाने विकायची युक्ती तेव्हाचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस मागे पडली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट आधुनिक चित्रांसारखे भिंतीवर टांगले, आणि पांघरूण न होणारा क्विल्ट समजून घेणे सोपे झाले. 1979 मध्ये ओल्फा या जपानी कंपनीचे फिरते पाते, म्हणजे रोटरी कटर, आले. कातरीने एकेक तुकडा कापण्याऐवजी कापडाचे चार-सहा थर एकदम आणि अचूक कापता येऊ लागले.

मिनी क्विल्टला ही अचूकता लागतेच. शिवणीत चारी बाजूंना पाव इंच माया सोडायची, हा नियम ब्लॉक कितीही लहान झाला तरी बदलत नाही. नऊ चौकोनांचा 12 इंची ब्लॉक घेतला तर प्रत्येक तुकडा साडेचार इंच कापून चार इंच दिसतो, म्हणजे कापडाचा साधारण पाचवा हिस्सा मायेत जातो. तोच ब्लॉक तीन इंची केला तर दीड इंच कापून एकच इंच दिसतो आणि निम्म्याहून जास्त कापड आत दडते. शिवणी जाड होतात, धागाभर चूकही टोके जुळू देत नाही. म्हणून कागदावर छापलेल्या रेषेवरच कापड ठेवून टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा, ही रीत मिनी क्विल्टवाल्यांनी उचलून धरली. 1718 चा कागद पुन्हा आला, फक्त आता तो प्रिंटरमधून येतो.

तेव्हा नव्या पॅटर्नमध्ये विकत मिळतात त्या गोष्टी म्हणजे रंगांची मांडणी, तुकडे जोडायचा क्रम आणि बिनचूक मापे. तारा कुणाच्या मालकीचा नाही. म्हणूनच पॅटर्न विक्रीला ठेवण्याआधी रचनाकार तो दोन-चार अनोळखी हातांकडे तपासायला देतात. हे तपासणारे घरात पडलेल्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या कापडात आधी एकच ब्लॉक शिवून बघतात.