रेकॉर्ड जमवणारे 'चांगल्या आवाजासाठी' जमवतात?

'रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा सरस, म्हणून शौकीन तबकड्या जमवतात' हे वाक्य गेली कित्येक वर्षं फिरतंय. मोजमाप वेगळंच सांगतं. एलपीवर, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीवर, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, मधल्या लेबलजवळ जेमतेम 20; तेवढाच आवाज कमी लांबीत दाटतो. त्यामुळे बाजू संपत आली की गायकाचा 'स' फाटायला लागतो. सीडीवर पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं सारखंच वाजतं, खरखरही नाही.

'निव्वळ अॅनालॉग' (म्हणजे मध्ये कुठेही डिजिटल रूपांतर नाही) म्हणून मिरवणाऱ्यांचं तर 2022 मध्ये चांगलंच हसं झालं. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या बऱ्याच महागड्या एलपी बनवताना मध्ये डिजिटल टप्पा असतो, हे तेव्हा उघड झालं. तोवर भल्याभल्या कानांना ते कळलं नव्हतं!

मग जमवतात कशाला? एक तर मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या कितीतरी जुन्या तबकड्यांवरचं गाणं पुढे एलपी-सीडीवर आलंच नाही; तबकडी फुटली की ते गेलं. अॅपवरचं गाणं करार संपला की गायब होतं, कपाटातलं होत नाही. शिवाय एलपीच्या वेष्टनाच्या पाठीवर बरेचदा तबला-हार्मोनियमच्या साथीदारांची नावं असतात, ती अॅपवर शोधून दाखवा. आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक! तिरक्या उजेडात तो वाचून ध्वनिमुद्रण कुठलं ते ताडणं, हा अस्सल शौकीनांचा खरा खेळ. काहींना फक्त मुखपृष्ठं आवडतात. त्यातही काही गैर नाही.