नोटरीचा करार आणि रजिस्टर करार: पहिलं घर घेताना होणारी गफलत

दर वर्षी प्रवेशाचे दिवस आले की परभणी, लातूर, यवतमाळकडची मुलं रत्नागिरीत उतरतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीला) नंबर लागलेला असतो, वसतिगृहात राहायचं नसतं किंवा जागा मिळालेली नसते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सहीवर घर घ्यायचं असतं. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे असं फिरून एखादा ब्लॉक मिळतो. मी विचारते, करार केलास का? "हो ताई, रजिस्टर केलाय ना!" आणि पुढे येतो तो स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचा गोल शिक्का.

तो करार रजिस्टर झालेला नसतो. इतकी वर्षं हेच सांगतेय, आणि तरी दर वर्षी शिकलीसवरलेली, पदवी घेतलेली मुलं तीच चूक करतात. त्यांना एजंटाने तसंच सांगितलेलं असतं, घरमालकालाही तसंच वाटत असतं.

नोटरीबद्दल फार लिहीत नाही, ती प्रत्येकाने पाहिलेली आहे. गॅप सर्टिफिकेटचं प्रतिज्ञापत्र असो की नावातल्या फरकाचं, कोर्टाबाहेरच्या टेबलाशी उभं राहून आपण सगळ्यांनी ते केलेलं असतं. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला तो वकील एवढंच सांगतो की अमुक माणसांनी माझ्यासमोर सही केली. त्याच्या वहीत नोंद होते, शिक्का बसतो आणि कागद तुमच्या हातात येतो. सरकारच्या दप्तरी तुमच्या घराविषयी एक अक्षरही जात नाही.

रजिस्टर म्हणजे दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदणी. इथे घरमालकाचा आणि तुमचा फोटो निघतो, अंगठ्याचे ठसे घेतले जातात, ओळख पटवली जाते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरली जाते. कागदाला दस्त क्रमांक मिळतो, त्याची प्रत सरकारकडे राहते आणि तुमच्या हाती इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदीचा सरकारी उतारा येतो. तुमचा करार रजिस्टर आहे का, हे ओळखायची सोपी खूण हीच. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू असेल तर करार रजिस्टर आहे. नसेल तर नाही, मग त्यावर शिक्के कितीही असोत.

मी स्वतः हे उशिरा शिकले. पहिल्या घराचा माझा करार नोटरी केलेला होता, अकरा महिन्यांचा. सोडताना घरमालकांनी भिंतींवरच्या बुरशीचं कारण काढून अख्खं डिपॉझिट रंगकामात वळतं केलं. मी करार घेऊन निबंधक कार्यालयात गेले, म्हटलं यांच्याकडे याची नोंद असणार. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि शांतपणे परत दिला. "हा आमच्याकडचा कागद नाही, बाळा." त्या वाक्याने जे समजलं ते घर घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ते अकरा महिने. "अकरा महिन्यांचाच आहे, त्याला रजिस्टर करायची गरज नसते." हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच टिकून राहिलंय. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून देशभर बारा महिने टाळून अकरा लिहायची पद्धत पडली. पण आपल्या राज्याचा कायदा याच्या पुढे गेलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (जागा फक्त वापरायच्या परवानगीचा) किंवा भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवला पाहिजे. त्यात अकरा महिन्यांची सवलत नाही. दुसऱ्या राज्यात राहणारा तुमचा चुलतभाऊ अकरा महिन्यांचं सांगतो तेव्हा त्याच्या जागी तो बरोबर असेलही. रत्नागिरीत ते चालत नाही.

त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरं असं की नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत. हे ऐकून काही मुलं म्हणतात, मग नोंदणी नसणंच आपल्या फायद्याचं! कोर्टात असेलही. पण वीस हजारांच्या डिपॉझिटसाठी, थिसिसच्या वर्षात, कोर्टाची पायरी कोण चढणार? तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून कागद हवा. शिवाय पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदवलेलाच लागतो.

खर्चाची भीती घालतात तीही निराधार आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतलं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. भाडं ७,००० आणि डिपॉझिट २०,००० धरा. अकरा महिन्यांचं शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंट स्वतःचे पैसे घेतो, ते आधी ठरवून घ्या.

हे गणित केलं की माझा आग्रह कळेल. तुमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, तर करारही सरळ २४ महिन्यांचा करा. तेवढ्याच भाड्याला शुल्क ४३० च्या घरात जातं आणि नोंदणी फी एकदाच भरावी लागते. अकरा-अकराचे तुकडे केले तर फी दोनदा, धावपळ दोनदा, आणि मध्येच भाडं वाढवायची मागणी ठरलेली. काय वाढ द्यायची ती आधीच लिहा. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येणारा सुरुवातीचा काळ, तीन महिन्यांच्या वर मान्य करू नका, त्यापुढे दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. मुदत संपायची तारीख मात्र नीट बघा. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ताबा मालकाचाच, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेत ती तारीख येता कामा नये.

"मालक मुंबईला असतात, गणपतीला येतील तेव्हा करू," हे आपल्याकडचं खास उत्तर. इथले अनेक ब्लॉक चाकरमान्यांचे आहेत, त्यामुळे ते खोटंही नसतं. पण लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि थंब मशीन घेऊन घरी येतो. मालककाका बोरिवलीत बसून अंगठा देऊ शकतात, तुम्ही रत्नागिरीत. गणपतीपर्यंत थांबायचं काही कारण नाही. काकांना नम्रपणे सांगा, पण चावी घेण्याआधी सांगा, कारण सामान लावून झाल्यावर कुणाचीच घाई उरत नाही.

स्टॅम्प पेपर शंभराचा की पाचशेचा, कागद हिरवा की पांढरा, 'भाडं' लिहायचं की 'परवाना शुल्क', यावर वेळ घालवू नका. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे, तेही करा.

एक चूक मात्र रजिस्टर करणारेही करतात. करार नोंदवला म्हणजे डिपॉझिट सुरक्षित, असं धरून चालतात. नोंदवलं जातं ते फक्त लिहिलेलं. आणि लिहिलेल्याला फार वजन आहे: कलम २४ च्या स्पष्टीकरणानुसार लेखी परवाना करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. तीस हजार दिलेत आणि कागदावर "दहाच लिहू, शुल्क वाचेल" असं ठरलं, तर वरचे वीस हजार मागायला तुमच्या हातात काही उरत नाही. वीस हजारांवर शुल्क वाचतं ते किती? अकरा महिन्यांना पाच रुपयेसुद्धा नाही. दिलेली पूर्ण रक्कम लिहा, ती बँकेतून द्या, आणि व्यवहार क्रमांक करारात घाला.

तसंच ओलीचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत कपाटातली पुस्तकंसुद्धा पांढरी होतात, तिथे भिंतीला बुरशी येणारच, ती भाडेकरूने आणलेली नसते. तुम्ही कोरड्या मुलखातून येता, मे महिन्यात घर बघता, भिंत छान दिसते. खिडकीखालचा आणि बाथरूमला लागून असलेला कोपरा हाताने चाचपून बघा, नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात दिला असेल तर विचारा. आणि करारात स्वतंत्र कलम घाला: पावसामुळे आलेली ओल, गळती आणि बुरशी यांची दुरुस्ती मालकाकडे, डिपॉझिटमधून वजावट नाही. चावी घेतली त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळांचे, खिडक्यांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "मिळाले" असं उत्तर येईपर्यंत ट्रंक उघडू नका.