वृद्धाश्रमांतील सांसर्गिक आंत्ररोग : प्रतिबंध व नियंत्रण

एका व्यक्तीच्या विष्ठेतून वा वांतीतून बाहेर पडलेले रोगजंतू दुसऱ्याच्या तोंडावाटे आतड्यात शिरून होणारे जुलाब-उलट्यांचे रोग वृद्धाश्रमात पसरू नयेत आणि पसरल्यास लवकर आटोक्यात यावेत, यासाठी योजावयाचे उपाय. प्रस्तुत नोंदीत ठाणे व नवी मुंबई परिसर मुख्यत्वे डोळ्यासमोर ठेवला आहे. या पट्ट्यात वृद्धाश्रम पुष्कळदा निवासी इमारतीतील जोडसदनिकांत, रो-हाऊसमध्ये किंवा वस्तीबाहेरच्या बंगल्यात चालतात. एका खोलीत तीन-चार खाटा, संडास-न्हाणी सामायिक, आणि एकच मावशी किंवा मामा काही जणांचे डायपर बदलून पुढे काहींना भरवणार, अशी तेथील सर्वसाधारण व्यवस्था असते. प्रसाराच्या दृष्टीने यातील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची.

कारक जंतू : निवासी संस्थांतील उद्रेकांत नोरोव्हायरस हा विषाणू जगभर अग्रभागी आढळतो. १९६८ साली अमेरिकेतील ओहायओ राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्यांची साथ आली; तिच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतून आल्बर्ट कापिकियन व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दाखवला. संसर्गास किती कण पुरतात याविषयी एकमत नाही. एका गणितानुसार विसाच्या आत, तर नंतरच्या काही अभ्यासांनुसार हजाराहून अधिक. मोठा आकडा धरला तरी नखाखाली राहिलेला अंश पुरेसा ठरतो. याखेरीज रोटाव्हायरस, शिगेला (रक्ती आवेचा जंतू), पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू आणि प्रतिजैविकांच्या वापरानंतर बळावणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हे उल्लेखनीय होत. शेवटच्याचा आतड्याच्या तीव्र दाहाशी असलेला संबंध १९७८ च्या सुमारास स्पष्ट झाला. जुलाब सुरू होताच औषधाच्या दुकानातून नॉरफ्लॉक्सासीन-टिनिडॅझोलची जोडगोळी आणून सर्वांना देण्याची रीत आपल्याकडे रुळली आहे. विषाणूवर तिचा काही परिणाम होत नाही. डिफिसिल जंतूस मात्र तिने रान मोकळे होऊ शकते.

प्रसाराविषयीचा वाद : बंदिस्त संस्थेतील अतिसार संस्थेत राहणाऱ्याच्या प्रकृतीतून उपजतो की बाहेरून येऊन हातोहात फिरतो, हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील मनोरुग्णालयांत रक्ती आवेची साथ कायमची वस्तीला असे. मेंदूच्या विकारामुळे आतड्याचे पोषण बिघडून व्रण पडतात, असे काही तज्ज्ञ मानीत. लंडन परगण्याच्या मनोरुग्णालयांसाठी मॉट व डरहॅम यांनी १९०० साली सादर केलेल्या अहवालात हा रोग सांसर्गिक असल्याचे प्रतिपादन होते. कियोशी शिगा यांनी १८९७–९८ च्या सुमारास जपानमध्ये आवेचा जंतू शोधला होताच. पुढे मनोरुग्णालयांतील आवेत बऱ्याच ठिकाणी त्याचा फ्लेक्सनर प्रकार सापडला आणि पहिले मत मागे पडले. ठाण्याच्या मनोरुग्णालयाची स्थापना सामान्यतः १९०१ सालची मानली जाते, म्हणजे ते याच वादाच्या काळातले. ‘म्हाताऱ्या माणसांचे पोट बिघडायचेच’ या समजुतीत ते जुने मत आजही तग धरून आहे, आणि पहिल्या दोन-तीन रुग्णांकडे दुर्लक्ष होते ते बहुधा त्यामुळेच.

दुसरा वाद हवेचा. इंग्लंडमधील एका उपाहारगृहात १९९८ मध्ये १२६ जणांच्या भोजनप्रसंगी एका व्यक्तीला मेजावरच उलटी झाली. तिच्यापासून मेज जितके दूर तितके आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण कमी, असे आढळले. यावरून वांतीचे सूक्ष्म थेंब हवेतून पसरून गिळले जातात हे मान्य झाले आहे. तथापि वृद्धाश्रमातील लागोपाठच्या रुग्णांचा क्रम पाहता हवेपेक्षा परिचारकांचे हात, कमोडची खुर्ची, खाटेचा कठडा आणि नळाची तोटी हा मार्ग अधिक संभवनीय वाटतो.

ओळख : चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब हा सर्वमान्य निकष. परस्परसंबंध असलेले दोन रुग्ण आढळताच उद्रेक समजून कामास लागावे. कॅप्लन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रयोगशाळेविना नोरोव्हायरस ओळखण्यासाठी चार निकष सुचवले : निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, अधिशयनकाल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) सरासरी २४ ते ४८ तास, आजार सरासरी १२ ते ६० तास, आणि विष्ठेच्या तपासणीत जिवाणू न सापडणे. २००६ मधील फेरतपासणीत या निकषांची विशिष्टता (इतर कारणांचे उद्रेक बरोबर वगळण्याची क्षमता) ९९ टक्के, पण संवेदनशीलता (नोरोव्हायरसचे उद्रेक ओळखण्याची क्षमता) ६८ टक्केच भरली. निकष जुळले तर निदानावर भरवसा ठेवावा, न जुळल्यास विषाणू नाहीच असे समजू नये. अन्नविषबाधेपासून फरक करणे येथे विशेष गरजेचे, कारण पितृपक्षात, पुण्यतिथीला किंवा वाढदिवसाला बाहेरून जेवण आणून देण्याची प्रथा आहे. दुपारी आलेला मसालेभात संध्याकाळपर्यंत पातेल्यात राहिला तर त्यातील बॅसिलस सेरियस या जिवाणूने काही तासांतच अनेकांना एकदम त्रास होतो, पण तो पुढे इतरांना लागत नाही. सांसर्गिक रोगात रुग्णसंख्या दिवसागणिक खोलीखोलीने सरकते.

नियंत्रण : आजाऱ्यांना वेगळ्या खोलीत, निदान एका बाजूस, ठेवावे व त्यांची शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वयंपाकघरात वा इतरांना भरवण्यास पाठवू नये. आजारी कर्मचाऱ्यास लक्षणे थांबल्यानंतर ४८ तास कामावर घेऊ नये. ब्युरोमार्फत (परिचारक पुरवणाऱ्या संस्थेमार्फत) रोजावर येणाऱ्यांचा खाडा म्हणजे पगार बुडणे. त्या दोन दिवसांचे पैसे दिले नाहीत तर दुखणे लपवले जाते, हे व्यवस्थापनाने गृहीत धरावे. हात साबण व वाहत्या पाण्याने धुवावेत. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर नोरोव्हायरसवर कमी पडते आणि डिफिसिलच्या बीजाणूंवर (जंतूच्या टणक, सुप्त रूपावर) निरुपयोगी असते.

फिनाईलचा वास येणारी फरशी निर्जंतुक असतेच असे नाही. या विषाणूंवर व बीजाणूंवर फिनाईल भरवशाचे नाही. क्लोरीन लागते, तेही दशलक्ष भागांत १,००० ते ५,००० भाग या तीव्रतेचे. बाजारातील ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट एक भाग व पाणी ४९ भाग घेतल्यास १,००० ची, तर एकास नऊ या प्रमाणात ५,००० ची तीव्रता मिळते. ३३ टक्के क्लोरीन असलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लिटरला सुमारे ३ ग्रॅम घेतली तरी पहिली तीव्रता साधते. मात्र कोकणपट्टीच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर लवकर निकामी होते. सेंद्रिय घाणीने क्लोरीन खर्ची पडते, म्हणून घाण आधी कागदाने वा फडक्याने टिपून घ्यावी, मग द्रावण ओतून सुमारे दहा मिनिटे राहू द्यावे. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याच्या ॲसिडात ते कधीही मिसळू नये; विषारी वायू सुटतो. मळलेल्या चादरी न झटकता गुंडाळून वेगळ्या, गरम पाण्यात धुवाव्यात.

शुष्कता : वृद्धांत तहानेची जाणीव मंदावलेली असते, लघवीची गोळी घेणाऱ्यांत धोका वाढतो आणि गोंधळलेपणा हेच कधी पहिले लक्षण असते. जागतिक आरोग्य संघटनेचे सध्याचे जलसंजीवनी सूत्र लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असे आहे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

पाणी : नवी मुंबईस महापालिकेच्या मोरबे धरणातून, तर ठाण्यास भातसा व उल्हास नद्यांवरील योजनांतून शुद्ध केलेले पाणी मिळते. दोष बहुधा इमारतीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी किंवा टँकर यांत शिरतो. भारतीय मानक १०५०० नुसार पाण्यात उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, विषाणूंपासून संरक्षण हवे असल्यास ०.५ मिलिग्रॅम असावे. ओटी (ऑर्थोटोलिडिन हे रसायन टाकून रंग पाहण्याच्या) चाचणीने ते जागेवरच तपासता येते.

कायदेशीर बाजू : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या अधिनियमातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांच्या सोयीचा वृद्धाश्रम अभिप्रेत आहे. उद्रेकाची खबर महापालिकेच्या आरोग्य विभागास द्यावी. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तीव्र अतिसाराची नोंद घेतली जाते. पटकीवर तोंडावाटे देण्याची लस आहे, रोटाव्हायरसची लस बालकांपुरती आहे.